ताटातली वीस कार्डं

इतकी वर्षं कॉम्प्युटरच्या धंद्यात काढलीत, नेमकं केलंत काय, असं मला कुणी विचारलं की मी खरं ते सांगतो. नंबर शोधले. समोरच्याला वाटतं, गडी थट्टा करतोय. पण हिशेब केला तर माझ्या कामाचा निम्मा वेळ लोकांच्या मशीनमधला एक बारा खुणांचा पत्ता शोधण्यात, तो कागदावर उतरवण्यात आणि तो चुकीचा उतरवला म्हणून पुन्हा शोधण्यात गेला आहे.

ओतूरच्या एसटी स्टँडसमोर माझं दुकान होतं. आधी रेडिओ-टीव्हीची दुरुस्ती, मग नव्वदचं दशक सरता सरता कॉम्प्युटर. मी शिकलो आयटीआयमध्ये, पण खोक्याचं झाकण उघडतो म्हणून लोक मला इंजिनिअर म्हणायचे आणि मीही ते फारसं दुरुस्त करत नव्हतो. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत जिथे म्हणून दोन कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचे असतील तिथे मला बोलावणं यायचं. पतसंस्था, दवाखाने, कॉलेजं, टोमॅटोच्या आडती. मोटरसायकलला अडकवलेल्या पिशवीत स्क्रू ड्रायव्हर, वायरचं भेंडोळं आणि एक खोडरबर. खोडरबर कशाला, ते पुढे येईल.

आधी तो पत्ता म्हणजे काय ते सांगतो, म्हणजे पुढची फजिती नीट कळेल. कॉम्प्युटरला दुसऱ्या कॉम्प्युटरशी वायरने बोलायचं असेल तर त्याच्या पोटात एक कार्ड लागायचं. तळहाताएवढी हिरवी पट्टी, एका टोकाला वायर खुपसायचं भोक. हे कार्ड कारखान्यातून बाहेर पडतं तेव्हाच त्याच्या आत एक पत्ता भरलेला असतो. शून्य ते नऊ हे आकडे आणि ए ते एफ ही इंग्रजी अक्षरं, यातल्या बारा खुणा. पहिल्या सहा बनवणाऱ्या कंपनीच्या, पुढच्या सहा त्या कार्डाच्या स्वतःच्या. दुसऱ्या कुठल्या कार्डाचा पत्ता तोच नसतो, निदान नसावा. याला म्हणतात मॅक अ‍ॅड्रेस.

शोधायला अवघड काही नाही. काळी खिडकी उघडायची, त्यात आयपीकॉन्फिग असं टाइप करायचं, एक जागा सोडून तिरकी रेघ आणि ऑल. एन्टर मारला की ओळीच्या ओळी पडतात. त्यात ‘फिजिकल अ‍ॅड्रेस’ लिहिलेली ओळ शोधायची, झालं काम. पुढे फोनमध्ये वाय-फाय आलं तेव्हा हाच पत्ता फोनलाही आला. तो असायचा सेटिंगच्या पार तळाशी. पण लोकांना फोनवर स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबायची लई हौस. त्यावर दिसतो तो पंधरा आकड्यांचा वेगळाच नंबर, हँडसेट चोरीला गेला तर पोलिसांना द्यायचा. समोरून सलग पंधरा आकडे यायला लागले, मधे एकही अक्षर नाही, की मी ओळखायचो आणि तरी पूर्ण ऐकून घ्यायचो. माणूस वाचण्यात रंगलेला असतो, मधेच तोडलं की रागावतो.

नारायणगावचे एक टोमॅटोचे आडते होते. त्यांच्या लॅपटॉपचा पत्ता मला फोनवर हवा होता. फोनवर बी, सी, डी, ई सगळे भाऊ-भाऊ. तीन वेळा लिहिला, तीन वेळा वेगळा. शेवटी तेच म्हणाले, “थांबा राव, तुमी मार्केट यार्डावानी घ्या.” आणि त्यांनी जागच्या जागी ठरवलं. ए म्हणजे एरंड, बी बटाटा, सी सीताफळ, डी डाळिंब, एफ फ्लॉवर. ई अडून बसली. ई वरून काहीच पिकेना. मागून त्यांच्या घरातून आवाज आला, “इडलिंबू म्हना की!” त्या दिवसापासून मी दोन्ही तालुक्यांत नंबर याच भाषेत घेतले. ‘शून्य शून्य, डाळिंब पाच, बटाटा नऊ’ असं मी भर बँकेत फोनवर बोलायचो तेव्हा रांगेतली माणसं मला भाजीचा व्यापारी समजायची.

घोडेगावच्या एका डॉक्टरांचं मात्र वेगळं झालं. त्यांना केबलवरून इंटरनेट दिलं होतं. केबलवाला ज्या पत्त्याची नोंद असेल त्यालाच आत सोडतो. वळवाच्या पावसात वीज पडली, कार्ड जळालं, मी नवीन घातलं आणि इंटरनेट बंद. डॉक्टर हात जोडून म्हणाले, “अहो, मशीन तेच, टेबल तेच, मीही तोच. मग मला ओळखत का नाही हा?” मी मोठ्या ऐटीत समजावलं की डॉक्टरसाहेब, पत्ता मशीनचा नसतोच, कार्डाचा असतो. कार्ड बदललं की पत्ता बदलला.

हे वाक्य लक्षात ठेवा. मला ते ठाऊक होतं, डॉक्टरांना मी ते सांगितलं होतं, आणि जिथे सांगायला हवं होतं तिथे सांगितलं नाही.

आमच्या भागातलं एक कॉलेज. गावाचं नाव लिहीत नाही, ओतूर आणि घोडेगाव यांच्या मधलं कुठलंही समजा. तिथल्या कॉम्प्युटर लॅबची देखभाल माझ्याकडे होती. वीस मशीन, एका भिंतीला दहा आणि समोरच्या भिंतीला दहा. लॅबचे परिचर होते नामदेवनाना. पन्नाशी ओलांडलेले, डोक्याला पांढरी टोपी, अंगठ्याचं नख कायम काळंनिळं. त्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या मेंढरं होती. आता शेती आणि ही नोकरी. नानांना इंग्रजी येत नव्हतं, पण कुठलं मशीन कसा आवाज करतं हे पाठ होतं. “सात नंबर आज धापा टाकतंय, सायेब,” असा निरोप आला की सात नंबरचा पंखा गेलेलाच असायचा.

त्या वर्षी कॉलेजला एका सरकारी भरतीच्या परीक्षेचं केंद्र मिळालं. कॉम्प्युटरवर द्यायची परीक्षा, तेव्हा आमच्याकडे नवलच. परीक्षा घेणाऱ्यांनी महिनाभर आधी वीसही मशीनचे पत्ते मागवले. कुठल्या पत्त्यावर कोण बसणार हे ते आधीच ठरवून सीडीच्या चकतीत भरून आणणार होते. बाहेरचं मशीन घुसवून कुणी लबाडी करू नये म्हणून.

मी दिवसभर बसून यादी केली. प्रत्येक मशीनसमोर बसायचं, काळी खिडकी, बारा खुणा, कागदावर. मशीनच्या दर्शनी भागावर मार्करने एक ते वीस आकडे टाकले. यादीवर मथळा घातला, ‘मशीन क्रमांक व मशीनचा पत्ता’. एक प्रत प्राचार्यांना दिली, एक नानांनी भिंतीवर चिकटवली.

“ह्ये काय हाय, सायेब?” नानांनी विचारलं.

“मशीनचा नंबर, नाना. गाडीला चासी नंबर असतो ना, तसा. कधी बदलत नाही. फक्त मशीनची जागा हलवायची नाही. एकाच्या जागी दुसरं ठेवायचं नाही. एवढं सांभाळा.”

“बोटभर हलू देनार न्हाई,” नाना म्हणाले. आणि खरंच सांगतो, त्यांनी हलू दिलं नाही.

परीक्षा होती दसरा आणि कोजागिरी यांच्या मधल्या रविवारी. मला नुसतं हजर राहायला सांगितलं होतं. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. पुण्याहून निरीक्षक आले होते, कोवळं वय, गळ्यात टाय, हातातल्या घड्याळाकडे सारखं बघायची सवय. नियम त्यांनी वाचून दाखवले. साडेदहाला दार बंद, अकराला परीक्षा सुरू. अकरापर्यंत ज्याच्या मशीनवर त्याचं नाव उघडणार नाही तो गैरहजर.

दार बंद झालं, चकती घातली, वीस पडदे उजळले आणि लॅबमध्ये कुजबुज सुरू झाली. एक दाढीवाला गडी उठून म्हणाला, “सर, मी काय मंगल दिसतो का?” त्याच्या पडद्यावर ‘मंगल’ अशी कुणी बाई होती. पलीकडे मंगलबाईंच्या पडद्यावर तिसराच कुणी. पाच मिनिटांत कळलं की एकाही माणसाच्या पुढ्यात स्वतःचं नाव नाही.

मी पुढे धावलो. एक नंबरवर काळी खिडकी उघडली. पत्ता यादीतला नव्हता, म्हणजे होता, पण तेरा नंबरचा. दोन नंबरवर आठचा. तीनवर सतराचा. मशीन तर जागच्या जागी होती, माझ्याच अक्षरातले आकडे त्यांच्यावर होते. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

“नाना, मशीन उघडली होती का तुम्ही?”

“व्हय की,” नाना अगदी सहज म्हणाले. “खंडेनवमीला. शेजारच्या खळ्यावरनं बाजरीची धूळ लई येती, मनलं सनाला तरी पोटातनं साफ करू. ब्लोअर मारला. आन ती वायरीची कार्डं काढून ताटात मांडली. हळदकुंकू, झेंडू, आपट्याची पानं. बाकीचं काय निघत न्हाई, ही एक स्क्रू काढला की हातात येती. दसऱ्याच्या सांजंला परत बसवली समदी. काय बिघडलं? चालत्यात की मशीनं!”

चालत होती, यात काही खोटं नव्हतं. वीसही कार्डं एकाच कंपनीची, कुठलंही कुठेही बसणारी. नानांनी ती ताटातून हाताला येतील तशी परत घातली होती. मी आजवर खंडेनवमीला पाने-पकडींची पूजा पाहिली, ट्रॅक्टरची पाहिली, तराजूची पाहिली. पण आमच्या धंद्याच्या खऱ्या हत्याराची इतक्या मनापासून पूजा केलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

प्राचार्य मात्र पूजेच्या बाजूने विचार करायच्या मनःस्थितीत नव्हते. वीस परीक्षार्थी आणि पुण्याचे निरीक्षक यांच्यासमोर ते नानांवर कडाडले. “कुणी सांगितलं होतं उघडायला? समजत नाही त्यात हात कशाला घालायचा? कॉलेजची अब्रू घालवलीत तुम्ही! अडाणी ते अडाणीच राहणार!”

नाना टोपी हातात घेऊन उभे होते. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी मी म्हणायला हवं होतं की सर, चूक माझी आहे. पत्ता मशीनचा असतो असं मीच यांना सांगितलं, यादीवर मीच तसं लिहिलं. जागा हलवू नका म्हणालो, पण उघडू नका म्हणालो नाही. हे सगळं जिभेवर आलं होतं. पण इस्त्रीचा शर्ट घातलेला इंजिनिअर मूग गिळून गप्प बसला. मला आजही त्याची लाज वाटते.

मी फक्त एवढंच म्हणालो, “नाना, पत्ता कार्डात असतो. कार्ड जिकडे जाईल तिकडे पत्ता जातो.”

नाना म्हणाले, “म्हंजी खूण मेंढराच्या कानाला. कोंडायच्या वाड्याला न्हाई.”

“हो,” मी म्हणालो. याहून चांगलं मला आजतागायत सांगता आलेलं नाही.

घड्याळात दहा चाळीस झाले होते. वीस मशीन उघडून कार्डं मूळ जागी लावायची तर दोन तास हवेत. आणि मग मला ते साधं उत्तर सुचलं. कार्डं हलवायचीच कशाला? माणसं हलवा. ज्याचं नाव जिथे उघडलंय तिथे त्याने जाऊन बसावं. निरीक्षक आपल्या नकाशाला चिकटून होते, टेबलांवर लावलेल्या बैठक क्रमांकांचं काय करू म्हणाले. मी म्हणालो, कागदच तो, सोलून दुसरीकडे चिकटवू. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि मान हलवली.

मग काय, लग्नाच्या पंगतीत पाट शोधावेत तशी धांदल उडाली. मी पडद्यावरची नावं मोठ्याने वाचत चाललो, लोक उठून धावत होते. मंगलबाई दाढीवाल्याच्या जागी आणि दाढीवाला खिडकीपाशी. दहा पन्नासला एकोणीस जण आपापल्या नावासमोर बसले.

विसावी उमेदवार मधोमध उभी राहिली होती. पार घाटमाथ्यावरच्या आहुप्याची चंद्रकला. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, हातात प्रवेशपत्र आणि कंपासपेटी. तिने सगळ्या पडद्यांवरून दोनदा फेरी मारली होती.

“सर,” ती म्हणाली, “माजं नाव कुटंच न्हाई.”

एकच मशीन रिकामं होतं, अकरा नंबर. त्यावर लाल अक्षरांत आलं होतं, ‘या यंत्राची नोंद नाही’. निरीक्षकांनी पुण्याला फोन लावला. रविवार. घंटी वाजून वाजून थांबली. ते म्हणाले, त्यांना पुढच्या वेळी बसता येईल.

“पुडची येळ न्हाई सर मला,” चंद्रकला म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. “पुडच्या म्हैन्यात वयाची अट संपती. दोन वर्सं मावशीकडं घोडेगावला राहून टायपिंग शिकले. काल दुपारी घरातनं निगाले, ते आज हितं पोचले.”

निरीक्षकांनी पुण्याला पुन्हा फोन लावला.

मी नानांकडे वळलो. “नाना, ताटात वीस होती ना? वीसच्या वीस परत घातली?”

नानांचे डोळे एकदम मोठे झाले. “एकाची वायर बसंना, सायेब. कार्डाच्या भोकातली चिमटी मोडल्याली. मंग तुमी कपाटात ठिवल्यालं नवं बसवलं त्याच्याजागी. अकरा नंबरलाच.”

ते जादाचं कार्ड अडीअडचणीला म्हणून मीच ठेवलं होतं. “आणि मोडलेलं कुठाय?”

“पूजेतलं व्हतं, कचऱ्यात कसं टाकनार? निर्माल्याबरुबर नदीला सोडनार व्हतो, कोजागिरीला.”

हे बोलता बोलता नाना दाराबाहेर होते. पन्नाशीचा माणूस मैदानातून टोपी धरून पळताना मी खिडकीतून पाहिला. ऑफिसातल्या सरस्वतीच्या तसबिरीमागून त्यांनी निर्माल्याची पिशवी आणली आणि लॅबच्या फरशीवर उपडी केली. सुकलेला झेंडू, आपट्याची पानं, उदबत्त्यांच्या काड्या. त्यात ते कार्ड. पत्त्याच्या चिठ्ठीवर हळद, आणि ज्या सोनेरी दातांनी ते मशीनमध्ये बसतं त्यांवर कुंकवाचा थर.

आता खोडरबराचं सांगतो. कार्डाचे सोनेरी दात मळले की त्यावर शाळेचं साधं खोडरबर घासायचं. याहून चांगलं औषध नाही. पण माझी पिशवी मोटरसायकलला, मोटरसायकल फाटकाबाहेर, आणि नियमाप्रमाणे फाटक बंद. मी खिसे चाचपतोय तोवर चंद्रकलाने कंपासपेटी उघडून खोडरबर पुढे केलं. कच्च्या कामासाठी पेन्सिल लागेल म्हणून आणलेलं, कोरं. कुंकू निघेना, खोडरबर लाल झालं, मग हळूहळू सोनं दिसायला लागलं.

मशीन उघडलं, नवं कार्ड काढलं, जुनं बसवलं, बटण दाबलं. मशीन सुरू होईपर्यंतचा ते दीड मिनिट कसं गेलं ते विचारू नका. मग पडदा उजळला आणि त्यावर नाव आलं. चंद्रकला. तिने दोन्ही हात तोंडावर ठेवले.

दहा छप्पन्न. आणि वायर निसटली. नाव गेलं.

चिमटी मोडलेली होती ना. वायर खोचली तरी आत धरून राहत नव्हती, स्वतःच्या वजनानेच सुटत होती. कागदाची घडी खोचून पाहिली, टिकेना. चिकटपट्टी पिशवीत, पिशवी फाटकाबाहेर. निरीक्षक म्हणाले, परीक्षा सुरू झाल्यावर दोनदा संपर्क तुटला की ते मशीन आपोआप बंद पडतं. आज मला ठाऊक आहे की कार्डाचा पत्ता कामचलाऊ उसनाही दाखवता येतो. तेव्हा ठाऊक नव्हतं, आणि निरीक्षकांच्या देखत तसं केलं असतं तर ती लबाडीच ठरली असती.

नाना टेबलाखाली शिरले. भिंत आणि मशीन यांच्या मधल्या बोळकांडीत उकिडवे बसले आणि वायर अंगठ्याने दाबून धरली. नाव परत आलं.

“उमेदवाराशेजारी बाहेरचा माणूस चालणार नाही,” निरीक्षक म्हणाले.

“मी भिताडाकडं त्वांड करून बसतो, सायेब,” टेबलाखालून आवाज आला. “आन मला विंग्रजी वाचता येत न्हाई. ही पोरगी काय लिवती ते मला मुद्दाम दाखवलं तरी मी काय सांगनार तिला?”

सगळी लॅब हसली. निरीक्षकही हसले. कोवळं वय होतं, हसल्यावर तर पोरसवदाच दिसायला लागले. त्यांनी आपल्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, “बसा. पण हलायचं नाही.”

दीड तास नाना हलले नाहीत. मी दारातून बघत होतो. मधे एकदा त्यांनी अंगठा बदलला, तेव्हा दुसऱ्या अंगठ्याने आधी वायर दाबली आणि मगच पहिला काढला. चंद्रकला खाली मान घालून टाइप करत होती. तिची बोटं एकदाही थांबलेली मला दिसली नाहीत. परीक्षा संपली तेव्हा ती उठून उभी राहिली, पण नानांना उठता येईना. पायांना मुंग्या आल्या होत्या. मी आणि तिने दोन बाजूंनी धरून त्यांना बाहेर काढलं. अंगठ्यावर वायरचा चौकोन उमटला होता.

निकाल लागला तेव्हा ती पेढे घेऊन आली. पास झाली होती. आधी लॅबमध्ये नानांकडे गेली, मग प्राचार्यांकडे, मग ओतूरला माझ्या दुकानात. मी पेढा घेतला, पण तोंडात न घालता कागदात गुंडाळून ठेवला. कारण मधल्या काळात एक गोष्ट झाली होती.

बैठका का बदलल्या याचा अहवाल परीक्षा घेणाऱ्यांना हवा होता. प्राचार्य म्हणाले, तांत्रिक बाब आहे, तुम्हीच लिहा. मी लिहिलं, ‘प्रयोगशाळा परिचराने तांत्रिक माहिती नसताना कार्डे काढून परत बसवताना त्यांची अदलाबदल केली’. त्यातला प्रत्येक शब्द खरा होता आणि तरी तो कागद खोटा होता. त्या कागदावरून नानांना मेमो मिळाला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, सावकाश सही केली आणि मला म्हणाले, “सायेब, सात नंबर परत धापा टाकतंय.”

त्यानंतर दर खंडेनवमीला नाना मशीनची पूजा बाहेरूनच करायचे. त्याआधी मला फोन करायचे आणि विचारायचे, उगडायचं का न्हाई? मी म्हणायचो, नको. प्रत्येक वेळी मला वाटायचं की आता सांगावं. आणि प्रत्येक वेळी मी सात नंबरची चौकशी करायचो.

काही वर्षांनी नाना निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमाला मलाही बोलावलं होतं. प्राचार्य नवीन होते, त्यांना जुनं काही ठाऊक नव्हतं. पहिल्या रांगेत चंद्रकला बसली होती, आता तालुक्याच्या कचेरीत, शेजारी तिची मुलगी. मला दोन शब्द बोला म्हणाले. मी वायर धरल्याची गोष्ट सांगितली, लोक पोट धरून हसले, टाळ्या झाल्या. खाली बसायला ती वेळ फार चांगली होती. पण मी बसलो नाही.

मी म्हणालो, “त्या दिवशीची चूक नानांची नव्हती. पत्ता मशीनचा असतो असं मी यांना सांगितलं होतं. ते चूक होतं, आणि मला ते तेव्हाच ठाऊक होतं. यांना सर्वांसमोर बोलणी बसली तेव्हा मी गप्प राहिलो. अहवाल मी लिहिला, मेमो यांना मिळाला. नाना, मला माफ करा.”

नानांच्या गळ्यात हार होता, मांडीवर शाल होती. त्यांना उठून बोलायचं नव्हतं, पण कुणीतरी माइक त्यांच्या तोंडापुढे धरला.

“मला म्हाईत व्हतं की, सायेब,” नाना म्हणाले. “मी त्याच वक्ताला म्हनलो न्हवतो का, खूण मेंढराला, वाड्याला न्हाई? तुमी मला वाड्याचा नंबर दिल्याला. ती यादी भिताडालाच व्हती, तुमच्या हातची.”

“मग बोलला का नाहीत?” मला राहवलं नाही.

नानांनी चंद्रकलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“इस मिनटं ऱ्हायली व्हती. चूक कुनाची ह्ये काडत बसलो असतो, तर ह्या पोरीचा पेपर गेला असता. एकानं शिव्या खायच्या व्हत्या आन एकानं मशीन जोडायचं व्हतं. मला मशीन कुटं जोडता येत व्हतं?”